एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामासाठी निधी: शासकीय प्रकल्प, सीएसआर की परदेशी मदत?

देहविक्री करणाऱ्या महिला, तृतीयपंथी, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष किंवा स्थलांतरित मजूर यांच्यासाठी एचआयव्ही प्रतिबंधाचे काम हाती घ्यायचे, असे मराठवाड्यातील एखाद्या संस्थेने ठरवले की पैसा कोणाकडून घ्यावा हा प्रश्न लगेच उभा राहतो. मी या निवडीकडे एकाच बाजूने पाहतो. या कामाचा कणा म्हणजे ‘पीअर’, म्हणजे त्याच समुदायातून निवडलेली कार्यकर्ती, आणि तिचे मानधन न चुकता कोण देऊ शकते हे आधी तपासले पाहिजे.

शासकीय लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प, म्हणजे आपण सारे ज्याला ‘टीआय’ म्हणतो तो, या कसोटीवर सर्वांत भक्कम आहे. त्याची रचना ठरलेली असते: व्यवस्थापक, समुपदेशक, आउटरीच वर्कर (वस्तीत जाऊन काम करणारा कार्यकर्ता), पीअर आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी. निरोध, चाचणीचे किट आणि एआरटीची (एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या उपचाराची) औषधे शासनाकडून मोफत मिळतात, त्यामुळे बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेली तपासणी संशयित निघाली, तर आयसीटीसी या शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रातील खात्रीची चाचणी आणि पुढचे उपचार यांसाठी वेगळा पैसा उभारावा लागत नाही. आमची एक पीअर अक्षरओळख नसतानाही चित्रांच्या नोंदवहीत खुणा करून कोणाला किती निरोध दिले आणि कोणाची तपासणी राहिली हे बिनचूक सांगते. अशी माणसे वर्षानुवर्षे टिकून राहतात ती या रचनेमुळेच. मात्र शासकीय हप्ता नेमक्या तारखेला येईल असे धरून कोणीही अंदाजपत्रक करू नये.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीचा, मार्ग कायद्यानेच खुला केला आहे. कंपनी कायदा 2013 मधील कलम 135 नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते आणि सातव्या अनुसूचीतील ‘प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेसह आरोग्यसेवा’ या विषयात एचआयव्हीचे काम बसते. परंतु कंपन्या आपल्या परिसराला प्राधान्य देतात, त्यामुळे वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींजवळच्या संस्थेला जे दार उघडते ते हिंगोलीच्या संस्थेला क्वचितच उघडते. शिवाय मंजुरी बहुधा वर्षभराची असते, आणि विषाणूचा धोका आर्थिक वर्ष पाहून थांबत नाही. एका कंपनीच्या प्रतिनिधीने अहवालासाठी आमच्याकडे लाभार्थी महिलांची नावे आणि चेहरा दिसेल अशी छायाचित्रे मागितली होती. आम्ही नकार दिला आणि ती रक्कम गेली, याचा मला आजही खेद नाही. संमतीशिवाय एचआयव्हीविषयीची माहिती उघड करण्यास 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा मनाई करतो, ही अट करार होण्याआधीच लेखी मांडावी.

तरीही एका ठिकाणी मी सीएसआरलाच पसंती देईन. बीड जिल्ह्यातील ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जिल्ह्याच्या हद्दीपुरत्या बांधलेल्या टीआय प्रकल्पाला त्यांच्या मागे ऊसाच्या फडावर जाता येत नाही, तर लवचीक खासगी निधीतून मुकादमाशी बोलून कोप्यांपर्यंत (मजुरांच्या झोपड्यांपर्यंत) एखादा कार्यकर्ता पाठवता येतो.

परदेशी मदतीचा विचार लहान संस्थेने तूर्त करू नये. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली मिळालेला, निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्क्यांवर आली आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेची परदेशी मदत एका आदेशाने थांबली, तेव्हा असा निधी किती अचानक आटतो हे जगभरातील एचआयव्ही प्रकल्पांनी अनुभवले.

म्हणून पीअर, चाचणी आणि निरोध यांसाठी टीआय, तर फडावरचा प्रवास आणि अडीअडचणीचा खर्च यांसाठी सीएसआर, अशी विभागणी मी सुचवेन. मात्र पीअरच्या मानधनाची किमान चार महिन्यांची रक्कम संस्थेच्या खात्यात वेगळी काढल्याशिवाय विश्वस्तांनी कोणत्याही अर्जावर सही करू नये.