सात सामुराई, तीन डिस्क आणि आबांची खाचरं

आधी तक्रार उरकते. ‘सेव्हन सामुराई’ चित्रपटाचा हा डीव्हीडी संच मी सेकंडहँड घेतला, ऑनलाइन, बावीसशे रुपयांना. विकणाऱ्याने ‘अगदी नव्यासारखा’ लिहिलं होतं. घरी आला तो कोपरा चेपून, आणि आतली पुस्तिका गायब. खरा घोळ पुढेच होता. डिस्क अमेरिकेच्या रीजन कोडच्या, आपल्याकडचा प्लेअर त्या घेतच नाही, आणि याचा जाहिरातीत उल्लेखही नव्हता. शेवटी भाच्याचा जुना लॅपटॉप आणला, त्याच्या ड्राइव्हचा रीजन बदलला आणि केबलने टीव्हीला जोडला. हा बदल पाचच वेळा करता येतो, पाचव्यानंतर ड्राइव्ह तिथेच अडकतो. त्यामुळे भाचा जरा कुरकुरला. घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्या.

चित्रपट जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा, १९५४चा. मी तो आबांसाठी मागवला. आबा ८१ वर्षांचे, जन्म भातशेतीत गेला. सिनेमाचं त्यांना फार कौतुक नाही. पण ‘शेतकऱ्यांनी दरोडेखोरांशी लढायला भाड्याने सामुराई, म्हणजे तलवारबाज लढवय्ये आणले, पगार काय, तर पोटभर भात’ एवढं सांगितल्यावर म्हणाले, “लाव बघू.”

सबटायटल्स फक्त इंग्रजीत. म्हणजे मी सोफ्याच्या हातावर बसून मराठीत सांगत होते. पहिल्याच प्रसंगात दरोडेखोर टेकडीवरून गाव बघतात आणि ठरवतात, गेल्या खेपेला तांदूळ नेलाय, आता जव पिकले की येऊ. आबा लगेच म्हणाले, “म्हणजे रब्बीचं काढायचं आणि मग पावसाला भात लावायचा.” त्यांना कथेचं पंचांग तिथेच कळलं. पुढे जव कापून झाल्यावर सामुराई शेतात पाणी सोडायला लावतात, तेव्हा मला काही सांगावंच लागलं नाही. “खाचर भरलं की घोडा रुतणार,” म्हणाले.

मला या संचाचं मोल कळलं ते मात्र एका वाडग्यावरून. सामुराई शोधायला शहरात आलेले शेतकरी धर्मशाळेत टेकतात. पुढे सामुराईंचा म्होरक्या होणारा काम्बेई आधी नाहीच म्हणतो. तेव्हा त्यांची टर उडवणारा तिथलाच एक मजूर भाताचा वाडगा त्याच्यासमोर धरतो आणि सांगतो, हे तुझ्यासाठी, आणि हे येडे स्वतः काय खातात ठाऊक आहे का? सबटायटलमध्ये ‘मिलेट’ आलं. मी घाईत ‘बाजरी’ म्हटलं. आबांनी अडवलं, “भाताच्या गावात बाजरी कुठली? वरी-नाचणी म्हण.” काम्बेई वाडगा हातात घेतो आणि म्हणतो, हा भात मी वाया जाऊ देणार नाही. काम्बेई झालेल्या ताकाशी शिमुराचा चेहरा तिथे जवळजवळ हलतच नाही. आबांनी हातातला चहा खाली ठेवला होता.

चित्रपट २०७ मिनिटांचा आहे आणि संचात पुरा आहे. हे मुद्दाम सांगते, कारण परदेशात वर्षानुवर्षं जी प्रत फिरली ती सुमारे पाऊण तास कापलेली होती. तुम्हाला स्वस्तात कुठे दोन-अडीच तासांची मिळाली तर घेऊ नका. लढाई तर त्यातही असेल. पण लढाईच्या आधीचा हिशेब, कोण काय खातं, कोण काय लपवतं, यासाठीच तर ती सगळी लांबी आहे. मध्यंतरही मूळचंच आहे, पडद्यावर अक्षरं येतात आणि संगीत वाजत राहतं. पहिली डिस्क तिथेच संपते. आम्ही दोन संध्याकाळी केल्या.

चित्राबद्दल. जुन्या चौकोनी चौकटीचा कृष्णधवल चित्रपट, त्यामुळे टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. भाच्याने उत्साहाने ‘झूम’ दाबलं आणि सगळ्यांची कपाळं उडाली. पट्टे राहू द्या. शेवटची लढाई मुसळधार पावसात आहे. कुरोसावांनी ती एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपली. चिखलात घोडे घसरतात, माणसं लोळतात, आणि डीव्हीडीवर पावसाची रेघन् रेघ काही स्वच्छ दिसत नाही, करड्या रंगाचा थोडा काला होतो. ब्ल्यू-रे परवडत असेल तर तीच घ्या. आवाज मोनो, बरा आहे. फुमिओ हायासाकांचं संगीत आमच्या टीव्हीच्या बारक्या स्पीकरवरही पोचलं.

सातातले चौघे मरतात. चौघेही बंदुकीच्या गोळीने, तलवारीने एकही नाही. मग उजेड, ढोल, गाणं, आणि ओळीत वाकलेल्या बाया भात लावताहेत. आबा पुढे सरकून बसले. “मूठ बघ तिची, सवयीची आहे,” म्हणाले. हे त्यांचं प्रमाणपत्र, माझं नव्हे. काम्बेई म्हणतो की आपण हरलो, जिंकले ते शेतकरी. हे मी सांगितलं तर फिस्स करून हसले. “लावणीला कोण जिंकतंय? कापणीला बोल.”

तिसऱ्या डिस्कवर दिग्दर्शक नागिसा ओशिमांनी घेतलेली कुरोसावांची दोन तासांची मुलाखत आहे. चित्रपट कसा बनला ते सांगणारा एक माहितीपटही संचात आहे. खर्च वाढला म्हणून निर्मात्या तोहो कंपनीने चित्रीकरण मध्येच थांबवलं तेव्हा कुरोसावा निवांत मासे पकडायला जात असत. एवढे पैसे घातल्यावर कंपनी काम सोडून देणार नाही, हा त्यांचा हिशेब. त्याच १९५४ साली त्याच कंपनीचा ‘गॉडझिला’ आला आणि त्यातही शिमुरा आहेच, हे वाचून भाचा पहिल्यांदा लॅपटॉपबद्दल कुरकुरायचा थांबला.

पुस्तिकेचे दोनशे रुपये विकणाऱ्याने अजून परत केलेले नाहीत. संच आबांकडेच आहे, लॅपटॉपही. परवा गेले तर लावणीचा तेवढाच तुकडा शेजारच्या काकांना दाखवत होते, आवाज बंद करून.