पूर्ण पांढरं अगेव्ह आणि 'पोहोचेपर्यंतची हमी'

व्हेरिगेटेड अगेव्ह, म्हणजे आपल्या घायपाताचे पट्टेवाले भाऊबंद, ऑनलाइन मागवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मला अमेरिकन अगेव्हचा 'मेडिओपिक्टा आल्बा' हा प्रकार हवा होता: पानाच्या मधोमध दुधाळ पट्टा, दोन्ही कडा निळसर हिरव्या. विक्रेत्याने टाकलेल्या फोटोतलं झाड तसंच होतं. चौकशी केली तर म्हणाला, "पट्टेवालं पिल्लू (बुंध्याशी फुटलेलं छोटं रोप) आहेच, पण त्याच झाडाला एक पूर्ण पांढरं पिल्लू आलंय. दुर्मिळ आहे, दर जास्त पडेल." खोक्यातून निघालं ते खरंच देखणं होतं. गाभ्यापासून काट्यापर्यंत हस्तिदंती, हिरवा ठिपका औषधालाही नाही.

हिरवा रंग नाही म्हणजे हरितद्रव्य नाही, आणि ते नाही म्हणजे स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. असं पिल्लू मदर प्लांटला जोडलेलं असतं तोवर तिच्या जिवावर मजेत वाढतं. तोडलं की पानांतल्या साठ्यावर दिवस काढतं. अगेव्हची पानं जाडजूड, साठा बराच काळ पुरतो, आणि मेख इथेच आहे: झाड खंगायला लागेपर्यंत तक्रारीची मुदत कधीच उलटलेली असते. माती निचऱ्याची होती, कुंडी पूर्ण सुकल्याशिवाय पाणी दिलं जात नव्हतं. तरी नवं पान येईना. खालची पानं सुरकुतली, मग गाभाच मऊ पडला.

विक्रेता आधी म्हणाला, ऊन जास्त झालं. सावलीत ठेवलंय म्हटल्यावर म्हणाला, सावली जास्त झाली. शेवटी, "हमी फक्त पोहोचेपर्यंतची." त्याचे जुने फोटो पुन्हा चाळले, तर पांढरी पिल्लं सगळी नुकतीच तोडलेली, एकही वाढवलेलं नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे मागितले तर "याच झाडाच्या पट्टेवाल्या बिया" देऊ केल्या. धन्य आहे! अमेरिकन अगेव्ह वर्षानुवर्षं वाढून आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग मरतं; फोटोतलं झाड फुलायच्या वयाचंही नव्हतं. शिवाय हे पट्टे वाढीच्या टोकावरच्या हिरव्या-पांढऱ्या पेशींच्या थरांमुळे पडतात. थरांची ती रचना बियांतून उतरत नाही. रोपं एकतर हिरवी निघतात, नाहीतर पांढरी, आणि पांढरी निघाली तर उगवून लगेच मरतात. पट्टे टिकवायचे तर पिल्लूच लावावं लागतं.

म्हणून पैसे देण्याआधी तेच पिल्लू, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी, असा वरून काढलेला फोटो मागवा. सर्वांत कोवळ्या पानांत हिरवा आणि दुधाळ, दोन्ही रंग दिसले पाहिजेत. कुंडीबाहेर काढून मुळंही दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तो सौदा सोडलेला बरा. आणि पिल्लू हिरवंगार असताना "पट्टे नंतर उमटतील" म्हणून कुणी जादा दर लावला, तर देऊ नका. असं पिल्लू बहुधा हिरवंच राहतं.