जीएनएस३वर वॅन शिकताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

घरबसल्या वॅन, म्हणजे दूरदूरच्या शाखा जोडणारं नेटवर्क, शिकायचं असेल तर जीएनएस३ हे लॅपटॉपवर आभासी राउटर चालवणारं सॉफ्टवेअर लावाच. फक्त त्यातली दोन राउटरांमधली लिंक जशी मिळते तशी वापरू नका, नाहीतर वॅनच्या नावाखाली लांबलचक लॅनच (एका ऑफिसातलं नेटवर्क) शिकून व्हायचं.

माझं काम डेस्कटॉप सपोर्टचं. ऑफिसातल्या नेटवर्कचे स्विच, व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगवेगळे कप्पे), डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणं) रोजचेच. शाखांना जोडणारी लाइन मात्र प्रोव्हायडरच्या ताब्यात. ती गेली की तिकीट टाकायचं आणि साहेबांनी विचारलं की ‘फॉलोअप चालू आहे’ म्हणायचं. त्यापलीकडे काय चालतं ते बघायला हा खटाटोप. आधी सिस्कोचं सरावाचं सॉफ्टवेअर, पॅकेट ट्रेसर, वापरत होतो. सिरियल लिंक, तिच्यावरचा पीपीपी प्रोटोकॉल आणि त्याची पासवर्ड तपासणी (चॅप), साधा जीआरई टनेल (एका पॅकेटच्या पोटात दुसरं घालून नेणं) इथवर ते झकास, पण प्रोव्हायडर पॅकेटला लेबल लावून नेतात ते एमपीएलएस त्यात नाहीच.

जीएनएस३ फुकट आणि ओपन सोर्स आहे, पण राउटरची इमेज, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरची फाइल, आपली आपण आणायची. सिस्कोच्या राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम, आयओएस, रीतसर मिळत असेल तर उत्तम. ग्रुपवर फिरणाऱ्या डाउनलोड लिंकांच्या नादी लागू नका. एफआरआर (ओपन सोर्स राउटिंग सॉफ्टवेअर) किंवा मायक्रोटिक कंपनीच्या सीएचआर या आभासी राउटरवर ओएसपीएफ (आपल्याच नेटवर्कमधले रस्ते शोधणारा प्रोटोकॉल) आणि बीजीपी (वेगवेगळ्या नेटवर्कांमधले रस्ते ठरवणारा) व्यवस्थित शिकता येतं. सीएचआरच्या फुकट लायसन्सला दर इंटरफेसला १ एमबीपीएसची मर्यादा आहे. लोक तिला नावं ठेवतात, मला ती आवडली. अरुंद लाइन आयती मिळते!

आयओएसवर चालणारा सिस्कोचा ७२०० मॉडेलचा राउटर चालवणार असाल तर ‘आयडल-पीसी’ची व्हॅल्यू आधी लावा. ती नसेल तर राउटर काही काम नसतानाही प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण खातो आणि लॅपटॉपचा पंखा घरभर ऐकू येतो.

सगळ्यात जास्त शिकलो ते एमटीयू, म्हणजे लाइनवरून एका वेळी जाणाऱ्या पॅकेटची कमाल लांबी. पुणे आणि नागपूर असे दोन राउटर, मध्ये ‘इंटरनेट’ म्हणून तिसरा, वरून जीआरई टनेल. पिंग जातं, लॉगिनचं पान उघडतं, मोठी फाइल मात्र लटकते. ऑफिसात अशा वेळी सर्व्हरवाल्याकडे बोट दाखवलं जातं. इथे लिंकवर राइट क्लिक करून कॅप्चर लावलं की वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) सगळं उघडं पडतं. जीआरई २४ बाइट खातो, म्हणजे १५०० मधले १४७६ उरतात. विंडोजवरून ‘तुकडे करू नको’ असं सांगून १४४८चा पिंग जातो, १४४९चा अडतो, कारण आयपी आणि आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) यांच्या हेडरचे २८ बाइट वेगळे. पॅकेट मोठं असल्याचा आयसीएमपी निरोप वाटेतल्या फायरवॉलने गिळला की पाठवणाऱ्याला काही कळतच नाही. आयपीसेकचं एन्क्रिप्शन चढवल्यावर जागा आणखी कमी होते, म्हणून टनेलला एमटीयू १४०० आणि टीसीपीचा एमएसएस (हेडर वगळून एका पॅकेटमधला डेटा) १३६० ही जोडी सर्रास वापरतात. हे आकडे पाठ होते, पण ते कुठून येतात ते इथे कळलं.

आता लिंकचं. सिरियल इंटरफेसवर ‘बँडविड्थ’ कमांड दिली म्हणून लाइन हळू होत नाही. तो आकडा ओएसपीएफला कॉस्ट (रस्ता निवडताना धरायची किंमत) काढायला लागतो, एवढंच. (डीफॉल्ट १५४४ केबीपीएस असतो, म्हणजे अमेरिकन टी-वन लाइनचा वेग. आपल्याकडच्या ई-वन लाइनचे २०४८.) म्हणून लिंकच्या पॅकेट फिल्टरमध्ये जाऊन डिले (उशीर) आणि लॉस (हरवणारी पॅकेटं) आपण घालायचा. ४० मिलिसेकंद आणि २ टक्के लॉस टाकून एक फाइल कॉपी करून बघा. पिंग बघून लाइन ठीक आहे म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

आणखी एक गंमत. डायनॅमिप्समध्ये (जीएनएस३मधला ७२०० चालवणारा भाग) पलीकडचा राउटर बंद केला तरी अलीकडचा इथरनेट पोर्ट ‘अप’च दिसतो. बरेच जण याला दोष म्हणतात. मला हे अगदी खरं वाटतं, कारण आपल्या रॅकमध्येही मीडिया कन्व्हर्टरचे (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) दिवे लुकलुकत असतात आणि मागची लाइन केव्हाच मेलेली असते. अशा वेळी लाइन गेल्याचं कळायला सिस्कोच्या डीफॉल्ट टायमरवर ओएसपीएफला ४० सेकंद लागतात, बीजीपीला १८० सेकंदांपर्यंत. बॅकअप लाइन असूनही तीन मिनिटं फोन का वाजत राहतात, याचं उत्तर तिथे आहे. बीएफडी (लाइन जिवंत आहे का हे भराभर तपासणारा प्रोटोकॉल) लावल्यावर तेच काम सेकंदाच्या आत होतं.

फ्रेम रिले हे शाखा जोडायचं जुनं तंत्र सीसीएनएच्या (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) २०२० नंतरच्या अभ्यासक्रमात नाही, तरी त्याचा तयार स्विच इथे आहे आणि त्यावर एक रविवार घालवायला हरकत नाही. तिथली हब-स्पोकची (मुख्य ऑफिस आणि शाखा) भांडणं, स्पोकने डीआर (ओएसपीएफमधला म्होरक्या राउटर) होऊन बसणं वगैरे, डीएमव्हीपीएनमध्ये (इंटरनेटवरून शाखा जोडणारे सिस्कोचे टनेल) जशीच्या तशी पुन्हा भेटतात.

प्रोव्हायडरशी बोलणं, एसएलएची (सेवेच्या हमीचा करार) कलमं, रस्ता खोदताना तुटलेली फायबर यांतलं इथे काही शिकता येत नाही, ते ऑफिसातच शिकायचं. लॅपटॉप ८ जीबीचा असेल तर ७२०० आणि क्यूएमूवर (अख्खा संगणक आभासी चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारी जड उपकरणं टाळा, एफआरआरचे हलके कंटेनर वापरा. सहा-सात राउटर आरामात चालतात आणि दोन प्रोव्हायडरांची बीजीपी लॅब तेवढ्यात बसते.