टेबलावरचा ३१ नंबर

जपानच्या फुटबॉल लीगच्या, म्हणजे जे-लीगच्या, दुसऱ्या श्रेणीतल्या (जे-टू) एका क्लबच्या ऑनलाइन दुकानातून मी ३१ नंबरच्या गोलकीपरचा अॅक्रिलिक स्टँड, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर छापलेलं त्याचं टेबलावर उभं राहणारं चित्र, मागवला. उंची १२ सेंटिमीटर, किंमत १,६५० येन, वर डिलिव्हरीचे ७७०. नवऱ्याने विचारलं, "हा खेळतो तरी का गं?" नाही खेळत. तिसरा गोलकीपर आहे. बेंचवर राखीव कीपर बहुतेक वेळा एकच असतो, त्यामुळे याला बसायलाही जागा नसते.

फोनवर मात्र जिकडे तिकडे हाच. क्लबने टाकलेल्या एका व्हिडिओत सराव संपल्यावर हा पाण्याच्या बाटल्या गोळा करतो, सगळ्यांची लेबलं एका बाजूला वळवतो, चालू लागतो, आणि एक बाटली वाकडी राहिली म्हणून परत येतो. बस, एवढंच. ते परत येणं लोकांनी कापून फिरवलं, त्याची चित्रं काढली. मीही घसरले. आपल्या लाडक्या माणसाला जपानीत 'ओशी' म्हणतात; माझा ओशी हा. कझुयोशी मिउरा या जपानच्या नामवंत स्ट्रायकरच्या वस्तू खपतात ते समजू शकतं, त्याने २०१७ मध्ये पन्नाशी गाठून जे-टूमध्ये गोल मारलाय. याच्या खात्यात बाटल्या.

स्टँड झकास आहे. आधी पाच मिनिटं छपाई धुरकट म्हणून मी चिडले होते, मग कळलं की दोन्ही बाजूंची फिल्म नखाने सोलायची असते. सोलल्यावर हातमोज्यांची शिवणसुद्धा दिसते. तळाची खाच फार घट्ट, बसवताना मोडतो की काय वाटलं. हातात बाटली नाही, बॉल आहे. लोक नेमकं काय विकत घेतायत हे दुकानाला कळलेलंच नाही!

मैदानाबाहेर त्याचा बिल्लाही मिळवला. ५०० येनचं बंद पाकीट, आत कोण निघेल ते नशीब. मी तीन घेतली: दोनदा एकच मिडफिल्डर, एकदा स्ट्रायकर. पलीकडे लोक प्लास्टिक अंथरून अदलाबदल करत बसले होते. साठीच्या एका काकूंकडे ३१ दिसला. मी संघाचा सगळ्यात जास्त गोल मारणारा स्ट्रायकर पुढे केला. काकू गोड हसल्या आणि दोन बोटं दाखवली. स्ट्रायकर गेला, वर एक मिडफिल्डर गेला, तेव्हा कुठे तिसरा गोलकीपर हाती आला.

तक्रार आहे ती वेळेची. हे स्टँड ऑर्डर घेऊन मगच बनवतात. एप्रिलमध्ये पैसे भरले, पार्सल आलं जुलैच्या अखेरीस. तोवर क्लबने याला तिसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबकडे लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, पाठवून दिलं होतं. त्या दिवशी दुकानाची मेल आली: सुरुवातीला उकाड्यात तब्येतीची विचारपूस, शेवटी ऑर्डर रद्द होणार नाही. मला करायचीही नव्हती, पण निदान विचारायचं तरी! पाचातला एक तारा त्यासाठी कापला.

नव्या क्लबने त्याला पहिल्याच आठवड्यात उतरवलं. मी पूर्ण मॅच बघितली, तीन गोल खाल्ले त्याने. तिथल्या दुकानात त्याचा स्टँड नाही, फक्त नावाचा टॉवेल आहे. तोही ऑर्डर घेऊन बनवणार, ऑक्टोबरमध्ये मिळेल म्हणतात. पैसे भरलेत.