पुण्याहून लंडन: मुंबईहून थेट की दुबईमार्गे?

आई-बाबांचं तिकीट काढताना अंतर बघत बसू नका. मुंबई–लंडन थेट सुमारे 7,200 किमी आहे, दुबईमार्गे जेमतेम 200 किमी जास्त. फरक पडतो वेळेत. थेट विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. येताना वारा पाठीशी, म्हणून तासभर कमी. दुबईमार्गे सव्वातीन अधिक साडेसात तास, शिवाय मधला थांबा. भाडं मात्र बहुतेकदा कमी पडतं.

मुंबईहूनच उडायचं तर पुणे–मुंबई रस्ता दोन्हीकडे आहेच. बोरघाटात ट्रक बंद पडला की चार तासांचे सहा होतात, तेवढी सवड ठेवाच.

दुबईचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे दोन्ही विमानांचं एकाच बुकिंगमध्ये, घ्या आणि थांबा किमान अडीच तासांचा. तिकिटं वेगवेगळी असली आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढचं चुकतं आणि भुर्दंड आपल्यालाच.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना थेटच पाठवा. पैसे वाचवायचे असलेल्या विद्यार्थ्याला दुबईमार्गे चालेल.