सी क्लास पाइपच्या भावात फाउंड्रीची वाळू

घरच्या अंगणात जीपवर काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. खास करून पाइप कापून, वाकवून, रंगवून आलेलं तयार किट मागवायचं आणि टॅक, वेल्डिंग, फिटिंग स्वतः करायचं, अशी ज्यांची पद्धत आहे त्यांनी वाचावं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण त्यानं पातळ पाइपात वाळू भरून ती जाड पाइपच्या भावात ज्या रीतीनं विकली, ती रीत सगळ्यांना कळायला हवी.

माझी गाडी महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप. राधानगरी, गगनबावडा भागात पावसाळ्यात लाल चिखलात गाडी पोटावर बसते आणि दाराखालचा पत्रा दगडावर घासून आत जातो. त्यासाठी चॅसीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) धरून दोन्ही बाजूंना जाड पाइपचे रॉक स्लायडर लावतात. गाडी त्यावरून सरकते आणि रुतली तर त्याखालीच जॅक लावून ती उचलायची असते. एका बाजूचं सगळं वजन त्या पाइपवर येतं, म्हणून पाइप किती जाड हाच यातला मुख्य मुद्दा.

हे किट विकणारा गडी इंस्टाग्रामवर सापडला. मागं लेथ, पुढं गॅस कटिंग चाललेलं, 'शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर' असं खाली लिहिलेलं. नंतर कळलं की शेड दुसऱ्याचीच होती. उद्यमनगरात कुणाच्याही दारात उभं राहून रील काढता येतो, हटकायला तिथं कुणाला वेळ आहे? त्यानं दर सांगितला कामासकट किलोला १८० रुपये, दीड इंची सी क्लास (जाड भिंतीचा) पाइप, पावडर कोटिंग करून. किलोवर दर म्हटला की आपल्याला बरं वाटतं, डोळ्यांदेखत तोलून घेता येतं. टेम्पोतून माल घरी आणून दिला, वाटेत काट्यावर तोलून दाखवला. वर म्हणाला, "वजन बघा की मालक. वजन खोटं बोलतंय व्हय?"

वजन बरोबरच होतं, आणि डोकं सगळं तिथंच चालवलेलं होतं. दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी. सी क्लास म्हणजे ४ मिमी जाडी, मीटरला ४.३७ किलो. हा हिशोब कुणालाही करता येतो: व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीनं गुणा, मग ०.०२४६६ नं गुणा. मीही तसाच केला होता आणि काट्यावरचं वजन त्याच्याशी जुळलं होतं. चॅसीकडे येणाऱ्या पायांची टोकं उघडी होती, तिथं जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर बरोबर ४ मिमी. दाखवायचे दात तेवढे खरे होते. लांब आडव्या पाइपांच्या टोकांना मात्र झाकणं वेल्ड करून, लांबी (पुट्टी) भरून, वर काळा रंग मारला होता.

बंद पाइपवर वेल्डिंग करण्याआधी मी त्याला एक बारीक भोक पाडून घेतो. आत हवा किंवा ओल अडकली असेल तर तापल्यावर दाब वाढतो आणि वितळलेला लोखंडाचा थेंब तोंडावर उडतो, कधी पाइपच फाटतो. सवयीनं खालच्या अंगाला ड्रिल लावलं. ४ मिमी लोखंडातून जायला बिटाला जरा वेळ लागतो, इथं ते टेकवताच आत घुसलं. ड्रिल बाहेर काढलं आणि भोकातून काळपट बारीक वाळूची धार लागली.

पाइप वाकवताना वाळू भरतात हे खरं आहे. कोरडी वाळू ठासून भरली की वाकणावर पाइप चपटा होत नाही, जुनी रीत आहे ती. पण वाकवून झाल्यावर वाळू काढून टाकायची असते. इथं ती ठेवून टोकं बंद केली होती. ग्राइंडरनं पाइप कापला तर भिंत निघाली १.६ मिमी. असा पाइप मीटरला १.८४ किलो भरतो. आतली वाळू मीटरला अडीच किलोच्या आसपास. बेरीज करा, सी क्लासच्या वजनाला जाऊन भिडते. सगळी वाळू पोत्यात काढून त्याच काट्यावर तोलली, १९ किलोला थोडी कमी भरली. म्हणजे सव्वातीन हजारांच्या वर रुपये वाळूला मोजले, तेही कोल्हापुरात, जिथं शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींबाहेर (लोखंड ओतायच्या कारखान्यांबाहेर) वापरलेल्या वाळूचे ढीग असतात.

पैशाचं एक वेळ जाऊ दे. त्या १.६ मिमीच्या पाइपखाली हायलिफ्ट जॅक लावून गाडी उचलली असती आणि कुणी खाली वाकून चाकाखाली दगड लावत असतं, तर पाइप दबून जॅक सटकला असता. वाळूत ओल असती तर वेल्डिंगच्या वेळीच वाफ धरली असती.

किटसोबत समोर लावायला दोन टो हुक (गाडी ओढायचे) दिले होते, 'फोर्जिंगचे', म्हणजे तापवून ठोकलेल्या पोलादाचे, म्हणून. पाइपचं हे निघाल्यावर हुक मामांना दाखवले. मामांचा जन्म शिरोलीत मोल्डिंग करण्यात गेला. त्यांनी हुक दोरीला टांगून हातोडीनं हळू ठोकला. पोलाद असतं तर घणघणलं असतं, हा बद्द वाजला. "अरे, हे बीड हाय. ही बघ पार्टिंग लाइन, घासून काढल्याती." बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि पार्टिंग लाइन म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ. ग्राइंडर लावला तर ठिणग्या आखूड आणि तांबूस. पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळसर-पांढऱ्या उडतात. बिडाला झटका सहन होत नाही. रुतलेली गाडी झटक्यानं ओढताना असा हुक तुटला, तर पट्ट्याच्या ताणानं तो पुढच्या गाडीच्या काचेतून आत शिरतो. हुक मी हातोडीनं फोडले, आतून करडा, दाणेदार भंग निघाला. तुकडे जपून ठेवले आहेत.

पावडर कोटिंगही खोटंच. चिंधीवर थिनर घेऊन चोळलं आणि चिंधी काळी झाली. भट्टीत भाजलेली पावडर अशी लगेच सुटत नाही. तो साधा स्प्रे होता, झाकणांवरची लांबी लपवायला मारलेला.

फोन केला तर आधी "वाळू चुकून राहिली असंल" म्हणाला. जाडीचं विचारल्यावर आवाज बदलला. "तक्रार करा की. गाडीला बदल केला म्हणून आरटीओ तुम्हालाच धरंल." लोक गप्प बसतात ते इथंच. धमकीत तथ्य अजिबात नाही असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत परस्पर बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. समोरच्या लोखंडी बुल बारवर तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, आणि हाच माणूस तो बार "आरटीओचं मी बघतो" म्हणत माझ्या गळ्यात मारत होता. पण कलम ५२ चा आणि वाळू विकण्याचा काही संबंध नाही. लोखंड म्हणून वाळू विकली ही फसवणूक आहे, माल गाडीला लागलेला असो वा नसो. माझा तर लागलाच नव्हता.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. माझ्या बाजूनं कामाला आला तो व्हॉट्सअॅपवरचा त्याचा मेसेज, ज्यात 'सी क्लास' आणि 'फोर्जिंग' दोन्ही शब्द त्यानं स्वतः लिहिलेत, आणि यूपीआयची पावती. "बिल लागलं तर १८ टक्के जास्त" म्हणून त्यानं बिल टाळलं होतं. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली दिसली. हे तपासायला एक मिनिट लागतं आणि पैसे देण्याआधीही करता येतं. आता तो अर्धे पैसे देतो म्हणतोय, अट एकच: तक्रार मागं घ्यायची. मी नाही म्हणून सांगितलंय.

दुसरे स्लायडर उद्यमनगरातच, पण खऱ्या शेडमध्ये, समोर बसून कापून घेतले. पाइप दुकानातून स्वतः आणला. आयएस १२३९ या भारतीय मानकाच्या पाइपवर ए क्लासला पिवळा, बीला निळा आणि सीला तांबडा पट्टा असतो, तो पट्टा बघून पूर्ण लांबीचा बार उचलला. टोकं उघडी ठेवायला सांगितली, रंग घरी मारणार. बसवण्याआधी आरटीओत विचारायचं राहिलंय.

असं रंगवलेलं, टोकं बंद असलेलं काही तुमच्याकडे आलं असेल, तर गाडीला लावण्याआधी खालच्या अंगाला ६ मिमीचं भोक पाडा. वाळू आली तर त्यावर वेल्डिंग करू नका. व्हिडिओ काढत पाइप कापा, भिंत व्हर्नियरवर दाखवा, वाळू दोन माणसांसमोर तोला. काही निघालं नाही तर भोक बुजवू नका, चिखलाचं पाणी निघायला ते लागतंच. कडेला तेवढं रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) लावा.