आठ महिने पोहल्यावरचा अनुभव: पाणी उत्तम, शिडीला मात्र पाचपैकी एक

परवा मंगळवारी सकाळी पावणेआठची शिट्टी झाली, मी बाहेर यायला शिडी धरली, डावा पाय खालच्या पायरीवर टाकला आणि ती पायरी एका बाजूने सुटून फिरली. नडगी स्टीलवर घासली, चार बोटं कातडं निघालं. मागे तीन जण पाण्यात थांबलेले. आठ महिने हे लिहायचं लिहायचं म्हणत होतो, ते आज लिहितोय.

मी ४३ वर्षांचा, पुण्यात राहतो. गेल्या ऑक्टोबरात सुरुवात केली तेव्हा वजन ११२ किलो, उंची पाच फूट सात. गुडघे दुखायचे म्हणून डॉक्टरांनी धावणं, उड्या सगळं बंद केलं आणि पोहा म्हणाले. तलाव घराजवळचाच, २५ मीटरचा, उथळ बाजूला साडेतीन फूट, पाणी गरम करायची सोय नाही. तीन महिन्यांचा पास २,४०० रुपये, म्हणजे आठवड्याला पाच दिवस गेलं तर एका बुडीचे चाळीसेक रुपये पडतात, आणि मी खाडे फार केले नाहीत त्यामुळे पैसे वसूल आहेत. टोपी सक्तीची, कॉटनचे कपडे चालत नाहीत, हे सगळ्याच तलावांवर असतं.

पोहणं मला नवीन नव्हतं. गाव कराडजवळ, मळ्यातल्या विहिरीत चुलत्यांनी पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून ढकललं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर मुटके मारायचो. आठवीत शाळेतल्या एका पोराने माझ्या छातीवरून काहीतरी बोललं आणि त्या दिवसापासून मी चारचौघांत शर्ट काढला नव्हता. तीस वर्षं. लग्नातल्या हळदीलासुद्धा बनियन घालून बसलो होतो. म्हणून डॉक्टर पोहा म्हणाले तेव्हा मला पाण्याची भीती नव्हती, कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंतच्या बावीस पावलांची होती. मी ती मोजली होती.

पहिल्या दिवशी टी-शर्ट घालून उतरलो तर जीवरक्षकाने शिट्टी मारून सगळ्यांसमोर बाहेर काढलं, कॉटन चालत नाही म्हणून. परत गेलो नाही दोन दिवस. मग ऑनलाइन रॅशगार्ड, म्हणजे पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट, मागवला, थ्री एक्सेल, १,१५० रुपये. तेव्हा मी कुणालाही सांगितलं असतं की जाड माणसाने आधी रॅशगार्ड घ्यावा, मग पास काढावा. आज तसं म्हणणार नाही. ओला झाला की तो अंगाला असा चिकटतो की डोक्यावरून काढताना दोन्ही हात वर अडकतात, एकदा मी त्या खोलीत तसाच दोन-तीन मिनिटं उभा होतो, दम लागला आणि शेवटी एका अनोळखी आजोबांनी मागून खेचून काढला, काही न बोलता. त्यांचे आभार मानायचेही मला सुचले नाहीत. जानेवारीच्या शेवटी एक दिवस रॅशगार्ड वाळला नव्हता म्हणून उघडाच उतरलो. कुणी बघितलं नाही असं नाही, एक-दोघांनी बघितलं, आणि पुढच्या लॅपला लागले. त्यानंतर घातला नाही. पण पहिले तीन महिने त्याच्यामुळेच मी पाण्यात उतरू शकलो, त्यामुळे पैसे वाया गेले असंही वाटत नाही.

पाण्यात गेल्यावरची गोष्ट मात्र वेगळीच आहे. गळ्यापर्यंतच्या पाण्यात माणसाचं वजन साधारण दहावा भाग उरतं, कमरेएवढ्या पाण्यात निम्मं. म्हणजे माझे ११२ तिथे अकरा-बारा किलो. हे मी वाचलं नंतर, आधी ते गुडघ्यांना कळलं. किती वर्षांनी कुठलाच सांधा बोलत नव्हता. पहिल्या आठवड्यात मी उथळ बाजूला नुसता चालत होतो, काठाला धरून, आणि मला रडू येत होतं, गॉगल होता म्हणून बरं.

श्वासाने सगळ्यात जास्त छळलं. विहिरीत आम्ही डोकं वर ठेवूनच पोहायचो, त्यामुळे तोंड पाण्यात घालून नाकातोंडाने हवा सोडायची आणि मान फक्त कडेला वळवायची, हे जमायला सव्वा महिना गेला. आधी २५ मीटरला तीन वेळा थांबायचो. कोच म्हणाले, दम लागतो तो हवा कमी पडते म्हणून नाही, तुम्ही आतली सोडतच नाही. त्या एका वाक्याने फरक पडला. आता चाळीस मिनिटांत २० लॅप होतात, मध्ये थांबत थांबत.

एक दिवस शिकाऊ बॅचमधला एक बारका पोरगा, असेल नऊ-दहा वर्षांचा, शेजारी येऊन म्हणाला, काका, तुम्ही पाण्यावर झोपता कसे, मी तर बुडतोच. मी पाठीवर तरंगत होतो. त्याला सांगितलं की चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, हाडं आणि स्नायू जड, त्यामुळे मला सोपं जातं आणि तुला छातीत हवा भरून धरावी लागेल. त्याच्या पाठीखाली हात धरला आणि दोन मिनिटांत तो तरंगला. घरी येऊन बायकोला हे दोनदा सांगितलं. माझ्या अंगाबद्दल कुणीतरी असं विचारलं होतं जे त्याला हवं होतं.

आता शिडी. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण कुठल्याही माहितीत कुणी हे लिहीत नाही. आमच्या तलावाला भिंतीला चिकटून सरळ उभी स्टीलची शिडी आहे, तीन पायऱ्या, पाइपच्या, चपट्या नाहीत. खालची पायरी पाण्याखाली फूटभरच आहे. तिच्यावर पाय टाकायचा तर गुडघा पोटापर्यंत वर यावा लागतो, आणि पोट मध्ये आहे. चाळीस मिनिटं हात मारून झालेले, दंडात जोर नसतो. पाण्यात सगळं वजन पाणी उचलत होतं ते पायरीगणिक अंगावर परत येतं, कमरेशी निम्मं, गुडघ्याशी बहुतेक सगळं, आणि तेव्हाच ओल्या पाइपवर एका पायाने उभं राहायचं. काठावर हात टेकून उसळी मारून बाहेर येणं सडपातळ माणसांना जमतं, मला नाही. शिडीच्या मागे रांग लागते. कुणी काही बोलत नाही पण तो थांबलेला शांतपणा पाठीला कळतो. पहिल्या महिन्यात मी या शिडीपायी चार खाडे केले. थंडीमुळे नाही, लाजेनेही नाही, फक्त बाहेर कसं येणार या काळजीने.

गावच्या विहिरीला दगडी पायऱ्या होत्या, पाण्यात उतरत गेलेल्या, हातभर रुंद. ओल्या पायरीवर बसायचं, दम खायचा, मग उठायचं. आमची आजी साठीत त्या पायऱ्यांनी खाली जाऊन कळशी भरून आणायची. आणि इथे एवढ्या मोठ्या तलावाला पाइपच्या तीन पायऱ्या.

मी जे शोधून काढलं ते सांगतो, कुणाला उपयोग होईल. शिट्टीची वाट बघायची नाही, दोन-तीन मिनिटं आधी शिडीशी यायचं आणि श्वास पूर्ण शांत होईपर्यंत पाण्यातच उभं राहायचं. मग दोन्ही दांडे धरून गळ्यापर्यंत खाली बसायचं आणि तळाला पाय मारून वर उसळायचं, त्या उसळीत पाणी तुम्हाला वर देतं, तेवढ्यात पाय पायरीवर. पाऊल पाइपच्या मधोमध नाही, दांड्याजवळ कडेला टाकायचं, कमी हलतं. जो गुडघा बरा आहे तो आधी. अंग सरळ न ठेवता जरा तिरकं, म्हणजे पोट अडत नाही. हे जमलं तेव्हापासून खाडे बंद.

तक्रार वहीत मी डिसेंबरपासून तीन वेळा लिहिलं की उथळ बाजूला रुंद, चपट्या पायऱ्यांची तिरकी शिडी लावा. व्यवस्थापक म्हणाले, साहेब, वजन उतरलं की शिडीचा त्रास आपोआप जाईल. मला फार लागलं ते. मी त्यांना म्हटलं, वजन उतरवायलाच आलोय इथे, मग आत येणारा माणूस आधीच सडपातळ असावा ही अट पासवर छापा. आमच्या भागातले मुरलीकांत पेटकर, पेठ इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्ण आणून दिलं. पोहणं धडधाकट माणसांपुरतं कधीच नव्हतं. सकाळच्या बॅचला किती जण सत्तरीच्या पुढचे आहेत, गुडघा बदललेल्या एक काकू आहेत त्यांना दोघी हात देऊन वर घेतात. ही मागणी माझ्या एकट्याची नाही.

बाकी सामानाचं थोडक्यात. पहिली चड्डी गुडघ्यापर्यंतची, नायलॉन आणि लायक्रा, ८५० रुपये. चार महिन्यांत मागून कापड विरलं, उजेडात आरपार दिसायला लागलं, नशीब ते घरी धुताना दिसलं. दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला क्लोरीनने होतंच असं, यावर वॉरंटी नसते. क्लोरीनने लायक्रा खलास होतं हे खरं आहे, पण मग पोहायची चड्डी म्हणून विकताना सांगायला नको का? अर्धा तास भांडलो, शंभर रुपये सूट मिळाली, आणि आता पॉलिएस्टरची घेतली आहे, जरा कडक वाटते पण चौथा महिना चालू आहे आणि शिवण जशीच्या तशी. गुडघ्यापर्यंतचीच घ्या, मांड्या घासून जे सोलतं ते त्याने थांबतं. रोज साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायची. गॉगलच्या आतल्या काचेला बोट लावू नका, बस. आणि उतरायच्या आधी नीट अंघोळ करा ही विनंती, तलावाला जो डोळे चुरचुरणारा वास येतो तो नुसत्या क्लोरीनचा नसतो, घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून होतो.

वजनाचं विचाराल तर पहिल्या तीन महिन्यांत दोन किलोही नाही. फार निराश झालो. गार पाण्यातून आलं की भूक अशी खवळते की गेटबाहेर दोन वडापाव कधी संपले कळायचं नाही. आता घरून दोन उकडलेली अंडी आणि केळं नेतो, पाण्यातून आल्या आल्या खातो. आज १०५.८ आहे. पँट ४६ ची ४३ झाली. बीपीची गोळी तीच आहे. पण दोन मजले जिना चढताना कठडा धरत नाही आणि रात्री गुडघ्यांखाली उशी घ्यावी लागत नाही. पाण्याला पाचपैकी पाच.

वरचं लिहून दोन आठवडे झाले, पोस्ट करायचं राहिलं, त्यामुळे एक दुरुस्ती. ती सुटलेली पायरी त्याच दिवशी संध्याकाळी बसवली गेली. ऑफिसने नाही. ज्या जीवरक्षकाने पहिल्या दिवशी मला शिट्टी मारून काढलं होतं त्यानेच घरून पाना आणून बोल्ट आवळला आणि पाइपवर खरखरीत पट्टी गुंडाळली, म्हणजे पाय सरकू नये. मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, काका, आता टाका पाय, मी बघतो इथे उभा राहून. मी आठ महिने त्याच्याशी धड बोललो नव्हतो. पट्टी खरंच पकडते. शिडीला एकचा दीड करतो, अर्धा त्याचा.

रुंद पायऱ्यांसाठी अर्ज दिलाय, सकाळच्या बॅचच्या एकतीस सह्या आहेत, पहिली त्या काकूंची. तुम्ही कुठे पास काढणार असाल तर आधी आत जाऊन शिडी बघून या, आणि उथळ बाजूला पायऱ्या आहेत का विचारा. माझा पास ३० तारखेला संपतोय. वर्षाचा घेतला तर दीड हजार वाचतात, तरी सध्या तीनच महिन्यांचा भरलाय, आणि अर्जात खाली लिहून दिलंय की शिडी बसली की त्या दिवशी वर्षाचे पैसे रोख भरतो.